रिडंडन्सीत लवकर निघायचंय? तारीख हलवा, राजीनामा देऊ नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमधल्या रेडिंगच्या एका आयटी कंपनीत 4 नोव्हेंबर 2019 पासून नोकरी. वय 38, पगार वर्षाला 62,000 पौंड, करारात दोन्ही बाजूंना तीन महिन्यांची नोटीस. 20 ऑगस्ट 2025 ला ‘अ‍ॅट रिस्क’चं, म्हणजे रिडंडन्सीत (जागाच रद्द करून होणाऱ्या कपातीत) नोकरी जाऊ शकते असं सांगणारं पत्र आलं. कन्सल्टेशनच्या, म्हणजे काढण्याआधी कंपनीने करायच्या सल्लामसलतीच्या बैठका चालू आहेत. 15 सप्टेंबरला नोटीस हातात पडेल आणि शेवटचा दिवस 15 डिसेंबर असेल, असं मॅनेजरने तोंडी सांगितलं आहे. कंपनीच्या धोरणाप्रमाणे दर पूर्ण वर्षामागे दोन आठवड्यांचा पगार मिळणार आहे आणि कायद्याची रक्कम त्यातच धरलेली आहे. दरम्यान दुसरी नोकरी मिळाली आहे आणि त्यांना 27 ऑक्टोबरला माणूस हवा आहे. आयएलआर (ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी) झालेलं असल्याने व्हिसाची चिंता नाही. रिडंडन्सीचे पैसे न घालवता लवकर कसं सुटायचं?

सुटता येतं. पण त्यासाठी आधी एक भारतीय सवय बाजूला ठेवावी लागेल. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांमध्ये माणूस कमी करायचा असला की एचआर म्हणतं, ‘राजीनामा टाक, फुल अँड फायनल करून देतो, रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल.’ तिथे माणसं मुकाट्याने टाकतात. त्याच सवयीने इथे ‘मी अमुक तारखेपासून राजीनामा देत आहे’ अशी एक ओळ ईमेलमध्ये गेली, तर कायद्याच्या दृष्टीने कंपनीने तुम्हाला काढलेलंच नसतं, तुम्ही स्वतः गेलेले असता. आणि रिडंडन्सीची रक्कम फक्त काढलेल्या माणसाला मिळते. तारीख कितीही पुढे-मागे करा, नोकरी संपण्याचं कारण मात्र शेवटपर्यंत ‘कंपनीने रिडंडन्सीमुळे काढलं’ हेच राहिलं पाहिजे. खाली जे काही लिहिलं आहे ते एवढं एक कारण जपण्यासाठी आहे.

सगळ्यात नाजूक काळ आत्ताचा आहे, म्हणजे 15 सप्टेंबरच्या आधीचा. ‘अ‍ॅट रिस्क’चं पत्र ही नोटीस नव्हे. ‘तुमची जागा बहुतेक जाईल’ हीसुद्धा नोटीस नव्हे, आणि मॅनेजरने तोंडी सांगितलेली तारीखही नव्हे. नोकरी संपण्याची नेमकी तारीख सांगणारी नोटीस मिळते तेव्हाच तुम्ही काढले गेलेले ठरता. 1967 मधला मॉर्टन संडूर फॅब्रिक्सचा निकाल अजूनही याच मुद्द्यासाठी उद्धृत होतो: विभाग बंद होणार असं कामगाराला सांगितलं होतं, तारीख दिली नव्हती, त्याने शहाणपणाने दुसरी नोकरी शोधली आणि सोडून गेला. त्याला रिडंडन्सीचा एक पैसाही मिळाला नाही. त्यामुळे नव्या कंपनीने कितीही घाई केली तरी लेखी नोटीस हातात पडेपर्यंत जुन्या कंपनीला निघण्याची तारीख लिहून देऊ नका. कन्सल्टेशनच्या बैठकीत मोघम विचारायला हरकत नाही: ‘नोटीस मिळाल्यावर एखाद्याला ठरल्या तारखेआधी जायचं असेल, तर कंपनीचं धोरण काय आहे?’ हा प्रश्न एचआरला नेहमीचा असतो. उत्तर ईमेलवर मागा.

कन्सल्टेशन संपायच्या आतच नोटीस द्या, असा आग्रह तुम्हाला करता येईल का? एका आस्थापनेत 90 दिवसांत 20 ते 99 जणांना काढायचं असेल, तर पहिली नोकरी संपण्याच्या किमान 30 दिवस आधी सामूहिक सल्लामसलत सुरू करावी लागते. 100 किंवा जास्त जण असतील तर 45 दिवस आधी. ती सल्लामसलत खऱ्या अर्थाने पूर्ण होण्याआधी नोटिशी देणं कंपनीला महागात पडू शकतं, म्हणून तिथे एचआर हलणार नाही. पण 20 पेक्षा कमी लोक असतील तर ठरलेले दिवस नसतात. ‘माझ्या बाजूने बोलून झालं आहे, नोटीस लवकर दिली तर माझी हरकत नाही’ असं लेखी कळवलं, की बऱ्याचदा आठवडाभर आधी पत्र निघतं. तुमच्या बाबतीत मात्र ही घाई करू नका. का, ते आकड्यांतून दिसेल.

आधी कायद्याची रक्कम पाहू. एम्प्लॉयमेंट राइट्स अ‍ॅक्ट 1996 प्रमाणे दोन वर्षं पूर्ण झालेल्याला ती मिळते. 22 ते 40 या वयातल्या दर पूर्ण वर्षाला एका आठवड्याचा पगार, 41 पासून पुढच्या वर्षांना दीड, 22 च्या आतल्या वर्षांना अर्धा, आणि जास्तीत जास्त 20 वर्षं. आठवड्याच्या पगाराला कमाल मर्यादा असते. 6 एप्रिल 2025 पासूनच्या वर्षात इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडसाठी ती 719 पौंड होती. उत्तर आयर्लंडचा कायदा आणि आकडे वेगळे आहेत. या सगळ्यात ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा. पाच वर्षं अकरा महिने म्हणजे पाचच वर्षं.

तुमची नोकरी 4 नोव्हेंबर 2019 ला सुरू झाली, म्हणून सहावं वर्ष 3 नोव्हेंबर 2025 ला पूर्ण होतं. 27 ऑक्टोबरला नव्या जागी रुजू होण्यासाठी 26 तारखेला सुटलात, तर हिशोब पाच वर्षांचा. 3 नोव्हेंबरपर्यंत थांबलात तर सहा वर्षांचा. कायद्याच्या रकमेत हा फरक 3,595 आणि 4,314 पौंड असा आहे. पण कंपनी प्रत्यक्ष पगारावर मोजते. 62,000 चा आठवडा म्हणजे सुमारे 1,192 पौंड. पाच वर्षांचे दहा आठवडे 11,923 पौंड होतात आणि सहा वर्षांचे बारा आठवडे 14,308. आठ दिवसांच्या फरकाला 2,385 पौंड. तेव्हा पहिली वाटाघाटी जुन्या कंपनीशी नाही, नव्या कंपनीशी करायची: रुजू होण्याची तारीख सोमवार 27 ऑक्टोबरऐवजी मंगळवार 4 नोव्हेंबर करून घ्या. तीन महिन्यांच्या नोटिशीवरचा माणूस इतक्या लवकर मिळतो आहे म्हटल्यावर नव्या मॅनेजरला आठ दिवस क्वचितच जड जातात. खरं कारण सांगायलाही संकोच नको. हा हिशोब इथल्या प्रत्येक एचआरला समजतो.

एक बारकावा इथेच सांगतो, कारण यात लोक फसतात. कंपनीने नोटीस न देता, किंवा कायद्याच्या किमान नोटिशीपेक्षा कमी देऊन काढलं, तर वर्षं मोजताना ती किमान नोटीस तुमच्या सेवेत मिळवली जाते. ही किमान नोटीस दर पूर्ण वर्षाला एक आठवडा, जास्तीत जास्त 12 आठवडे अशी असते. ‘मग लवकर गेलो तरी सहावं वर्ष आपोआप धरलं जाईल’ असं कुणी सांगेल. पण तुम्हाला पुरेशी नोटीस मिळाली आणि तारीख तुमच्या मागणीवरून अलीकडे आली, तर ही वाढ मिळत नाही. तेव्हा प्रत्यक्ष संपलेली तारीखच मोजली जाते. म्हणून ती 3 नोव्हेंबरच्या अलीकडे येऊ देऊ नका.

आता 15 सप्टेंबरला नोटीस मिळाली असं धरू. लवकर निघायला दोन वाटा आहेत.

पहिली वाट कायद्यातली, तिला काउंटर-नोटीस म्हणतात. कंपनीच्या नोटिशीवर असताना तुम्ही लेखी उलट नोटीस देऊन त्याआधीच्या तारखेला निघू शकता, आणि तरीही कंपनीनेच काढलं असं धरलं जातं. पण याला तीन अडसर आहेत. पहिला अडसर असा, की उलट नोटीस कायदा ज्याला ‘ऑब्लिगेटरी पीरियड’ म्हणतो त्या काळातच द्यावी लागते. कायदा किंवा करार यांनुसार कंपनीने जितकी नोटीस द्यायलाच हवी, तितका शेवटचा काळ म्हणजे हा पीरियड. तुम्हाला नेमकी तीन महिन्यांचीच नोटीस मिळणार असल्याने सगळे तीन महिने त्यात येतात. पण समजा कंपनीने उदार होऊन 1 सप्टेंबरलाच 31 डिसेंबरची तारीख दिली असती, तर ऑब्लिगेटरी पीरियड 1 ऑक्टोबरला सुरू झाला असता. 20 सप्टेंबरला दिलेली उलट नोटीस मग साधा राजीनामा ठरली असती. जास्त नोटीस मिळालेले लोक नेमके इथेच अडकतात.

दुसरा अडसर: तुमच्या करारात तुम्ही द्यायची नोटीसही तीन महिन्यांची आहे. काउंटर-नोटीस तेवढी द्यायची म्हटली तर ती कंपनीच्या तारखेच्या पलीकडे जाते, मग उपयोग काय? कमी दिलीत तर करारभंगाचा मुद्दा कंपनीच्या हाती लागतो. ज्यांच्या करारात कर्मचाऱ्याने फक्त एक आठवडा किंवा एक महिना द्यायचा असतो, त्यांना ही वाट सोयीची आहे. तिसरा अडसर: कंपनी उलट नोटिशीला लेखी हरकत घेऊ शकते. ‘नोटीस मागे घ्या, नाहीतर रिडंडन्सीची रक्कम द्यायला आम्ही विरोध करू’ असं तिने लिहिलं आणि तरीही तुम्ही गेलात, तर पूर्ण रक्कम द्यायची की काही भागच, हे ट्रायब्युनल (नोकरीच्या वादांचं न्यायालय) ठरवतं. शिवाय काउंटर-नोटिशीने फक्त कायद्याची रक्कम सुरक्षित राहते. कंपनीच्या वाढीव रकमेला कंपनीच्या अटी लागू होतात, आणि ‘ठरलेल्या तारखेपर्यंत काम केलेल्यालाच’ ही अट अनेक धोरणांत असते. तुमच्या 14,308 पैकी 9,994 पौंड या वाढीव भागात आहेत. धोरणाची पूर्ण प्रत मागवून ती ओळ आधी शोधा.

तुमच्यासाठी योग्य ती दुसरी वाट, म्हणजे आपसातली सहमती. कंपनीने नोटीस दिली आहे, ती कायम आहे आणि दोघांच्या संमतीने फक्त तिची तारीख 15 डिसेंबरवरून 3 नोव्हेंबरवर आली आहे. 1973 मधल्या मॅकअल्वेन विरुद्ध बॉटन इस्टेट्स या निकालापासून हे स्थिर आहे: नोटिशीवर असलेल्याने नव्या नोकरीसाठी लवकर सोडण्याची विनंती केली आणि मालकाने मान्य केली, तरी काढणं हे काढणंच राहतं. अट एवढीच, की कागदावर ते तसं दिसलं पाहिजे.

कंपनीने का मान्य करावं? कारण तिचे पैसे वाचतात, आणि हे तुम्ही बोलताना मोजून सांगा. 4 नोव्हेंबर ते 15 डिसेंबर हे बरोबर 42 दिवस, सहा आठवडे. त्यांचा पगार 7,154 पौंड, त्यावर मालकाचा 15 टक्के नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेचा सरकारी हप्ता) सुमारे 1,073, शिवाय पेन्शनचा वाटा वेगळा. म्हणजे 8,200 पौंडांहून जास्त बचत. याउलट भारतातल्या ‘नोटीस बायआउट’च्या धर्तीवर ‘उरलेल्या दिवसांचे पैसे मी भरतो’ असं चुकूनही म्हणू नका. इथे ती पद्धत नाही आणि रिडंडन्सीत तर त्याला अर्थच नाही. मागायचंच असेल तर उलट मागा: वाचलेल्या सहा आठवड्यांपैकी काही भाग. मिळेलच असं नाही, पण काम लवकर हस्तांतरित करायला तयार असाल तर या मागणीला वजन येतं. मॅनेजरची खरी काळजी बहुतेकदा पैशांची नसून हस्तांतरणाची असते. म्हणून विनंतीबरोबरच एका पानाचा आराखडा जोडा: कोणतं काम कोणाकडे, कोणत्या आठवड्यापर्यंत, कोणती कागदपत्रं कुठे. ‘हो’ मिळायला याची जितकी मदत होते तितकी कशाचीच होत नाही.

विनंतीच्या ईमेलचा आशय असा ठेवा, इंग्रजीत लिहिताना यातला एकही घटक गाळू नका: ‘15 सप्टेंबर 2025 रोजी मला रिडंडन्सीमुळे नोकरी संपवण्याची नोटीस मिळाली असून ती 15 डिसेंबरला संपते. परस्पर संमतीने ही नोटीस 3 नोव्हेंबर 2025 रोजी संपावी अशी माझी विनंती आहे. ही विनंती म्हणजे राजीनामा नाही. नोकरी संपण्याचं कारण रिडंडन्सीच राहील, आणि सहा पूर्ण वर्षांवर आधारलेली कायद्याची व कंपनीची वाढीव रक्कम कमी न होता मिळेल, याची कृपया लेखी खात्री द्यावी.’ उत्तर एचआरकडून आलं पाहिजे, मॅनेजरच्या चॅटमधला अंगठा पुरेसा नाही. आणि ते उत्तर येईपर्यंत नव्या कंपनीला 4 नोव्हेंबर ‘जुन्या कंपनीच्या मान्यतेच्या अधीन’ असंच कळवा.

यानंतरही एक चूक होते, ती संगणकात. एचआरच्या प्रणालीत तारीख बदलण्यासाठी कोणीतरी ‘रेझिग्नेशन’चा फॉर्म उघडतं, आणि तुम्हाला ‘पोर्टलवर जाऊन तेवढं एक सबमिट करा’ असा निरोप येतो. करू नका. नम्रपणे लिहा की मी राजीनामा दिलेला नाही, बदल तुमच्या बाजूने करावा. नव्या कंपनीच्या फॉर्मवर आणि संदर्भपत्रातही सोडण्याचं कारण रिडंडन्सीच लिहा.

कराचा मुद्दा मात्र असा आहे की तारीख पक्की करण्याआधी पेरोलशी बोलायलाच हवं. रिडंडन्सीसारख्या रकमांवर 30,000 पौंडांपर्यंत कर लागत नाही, हे सर्वांना माहीत असतं, आणि 14,308 त्यात सहज बसतात असं वाटतं. पण एप्रिल 2018 पासूनच्या नियमांनी पूर्ण न केलेल्या नोटिशीचा काळ मोजला जातो. तेवढ्या काळाच्या मूळ पगाराइतका भाग वाढीव रकमेतून काढून साध्या पगारासारखा करपात्र धरला जाऊ शकतो. कायद्याची 4,314 ची रक्कम यातून सुटते, वाढीव 9,994 सुटत नाही. तुमच्या सहा आठवड्यांना हा करपात्र भाग साधारण 7,000 पौंडांपर्यंत जाऊ शकतो. 40 टक्के कर आणि 2 टक्के नॅशनल इन्शुरन्स धरले तर सुमारे 3,000 पौंड हातून जातात. नवा पगार सुरू होत असल्याने तरीही लवकर निघणंच फायद्याचं असेल, पण हा आकडा नंतर पेस्लिपवर पाहून धक्का बसण्यापेक्षा आधी लेखी विचारलेला बरा. कंपनी तयार असेल तर करपात्र भाग थेट पेन्शनमध्ये मालकाचं योगदान म्हणून भरून घेण्याची सोय होते का, हेही विचारा. ही रक्कम पी45 (नोकरी सोडताना मिळणारा कराचा दाखला) निघाल्यानंतर दिली गेली तर सुरुवातीला करकपात जास्त दिसते, कारण तेव्हा 0टी हा कोड लागतो. जास्तीचा कर नंतर परत मागता येतो.

सुट्टीचा हिशोब 3 नोव्हेंबरपर्यंत मागा. उरलेली रजा एकतर पैशांत मिळते, किंवा कंपनी ती नोटिशीच्या काळातच घ्यायला लावू शकते. त्यासाठी तिने रजेच्या दुप्पट दिवस आधी कळवावं लागतं, म्हणजे पाच दिवसांच्या रजेला दहा दिवस आधी. ‘रजेवर असताना 27 ऑक्टोबरलाच नवीन नोकरी सुरू करतो’ ही कल्पना सुचते, पण दोन्ही कंपन्यांची लेखी परवानगी नसेल तर तो करारभंग आहे, आणि गैरवर्तनाचा ठपका ठेवून काढायला कंपनीला आयतं कारण मिळतं. गार्डन लीव्हवर असतानाही तेच: घरी बसलात तरी नोकरी चालूच असते, पगार, पेन्शन, विमा, शेअरचं व्हेस्टिंग (टप्प्याटप्प्याने नावावर होणं) सगळं चालू, म्हणून दुसरीकडे रुजू होता येत नाही. ‘पिलॉन’, म्हणजे नोटिशीऐवजी पैसे, यात नोकरी त्याच दिवशी संपते आणि दुसऱ्या दिवशी मोकळे होता. पण त्या पैशांवर पूर्ण कर लागतो आणि पुढच्या तारखेचा बोनस किंवा शेअर हातचे जातात. लवकर निघायचं असलेल्याला पिलॉन हीच सर्वांत चांगली तडजोड असते. ते मागून पाहा, फक्त शेवटचा दिवस 3 नोव्हेंबरच्या अलीकडे येऊ देऊ नका. करारात तसं कलम असलं तरी वापरायचं की नाही ही मर्जी बहुधा कंपनीची असते.

नवी कंपनी जुन्या कंपनीच्याच समूहातली आहे का, हे एकदा तपासा. जुनी नोकरी संपण्याआधीच समूहातल्या कंपनीची ऑफर मिळून चार आठवड्यांच्या आत तिथे रुजू झालात, तर काढलंच नाही असं धरलं जातं आणि रिडंडन्सी मिळत नाही. नावं वेगळी असली तरी मालकी एक असू शकते. एका कौन्सिलमधून दुसऱ्या कौन्सिलमध्ये किंवा एनएचएसच्या एका ट्रस्टमधून दुसऱ्यात जाणाऱ्यांनाही असाच नियम लागू होतो.

दोन वर्षं पूर्ण झालेल्यांना नोटिशीच्या काळात नोकरी शोधायला, मुलाखतींना, कामाच्या वेळेत वाजवी मोकळीक मिळते, पण तिचा पगार देण्याचं बंधन एका आठवड्याच्या पगाराच्या 40 टक्क्यांपुरतंच आहे. तुम्हाला याची गरज उरलेली नाही.

हे वाचणारे जे स्किल्ड वर्कर व्हिसावर आहेत त्यांचं गणित मात्र उलटं चालतं. त्यांनी तारीख अलीकडे न आणता पलीकडे ढकलायचा प्रयत्न करावा. नोकरी संपल्यावर स्पॉन्सरला (व्हिसा प्रायोजित करणाऱ्या कंपनीला) दहा कामाच्या दिवसांत होम ऑफिसला, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याला कळवावं लागतं. मग व्हिसाची मुदत कमी केल्याचं पत्र येतं आणि त्यात सहसा 60 दिवस मिळतात. व्हिसाच त्याआधी संपत असेल तर तेवढेच. नव्या स्पॉन्सरचं सर्टिफिकेट घेऊन त्या मुदतीत अर्ज करायचा, आणि अर्ज मंजूर होईपर्यंत नव्या जागी काम सुरू करता येत नाही. देशातून केलेल्या अर्जाला साधारण आठ आठवडे लागतात. 500 पौंड जादा भरले तर पाच कामाचे दिवस. म्हणून त्यांच्यासाठी पिलॉनपेक्षा पगारी गार्डन लीव्ह कितीतरी मोलाची: काम नाही, पण नोकरी चालू. पैसे तेवढेच द्यायचे असल्याने कंपनीलाही फारसा फरक पडत नाही, तरी हे स्पष्ट मागावं लागतं, आपण होऊन कोणी देत नाही. आयएलआर जवळ आलेलं असेल तर पात्रतेच्या तारखेच्या 28 दिवस आधीपासून अर्ज करता येतो. पण ‘हा माणूस पुढेही आम्हाला हवा आहे’ असं स्पॉन्सरने सांगावं लागतं, आणि नोटीस दिलेली कंपनी ते सांगू शकत नाही. तिथे शेवटचा दिवस पुढे ढकलून भागत नाही. नोटीस निघण्याची तारीखच पुढे जाते का, हे कन्सल्टेशनमध्येच विचारावं लागतं.

पैसे आले नाहीत तर कायद्याच्या रकमेसाठी नोकरी संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत कंपनीकडे लेखी मागणी करा. वाढीव रकमेसाठी आणि इतर तक्रारींसाठी ट्रायब्युनलची मुदत तीन महिने वजा एक दिवस आहे आणि त्याआधी ‘एकास’ (Acas) या नोकरीच्या वादांत समेट घडवणाऱ्या संस्थेकडे अर्ली कन्सिलिएशनचा, म्हणजे दाव्याआधीच्या समेटाचा अर्ज करावा लागतो. सेटलमेंट अ‍ॅग्रीमेंटवर (पैशांच्या बदल्यात दावे सोडून देण्याच्या करारावर) सही मागितली, तर स्वतंत्र सल्लागाराशिवाय ती बंधनकारक होत नाही आणि त्याची फी बहुतेक वेळा कंपनीच देते. सही करण्याआधी त्यात संपण्याची तारीख 3 नोव्हेंबर 2025, कारण रिडंडन्सी आणि सेवा सहा पूर्ण वर्षं, हे तिन्ही शब्दशः लिहिलेलं आहे का ते स्वतः वाचा.